घेरियाची कुळथाची पिठी

१६५३ साली शिवाजी महाराजांनी आदिलशाही अंमलातून घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे झालेला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून इंग्रजांच्या हाती गेलेला घेरिया ऊर्फ विजयदुर्ग इतिहासात तोफांनी गाजला. परंतु वाघोटन खाडीकाठची कष्टाळू रयत ज्या अन्नावर पोसली, त्याचे स्मरण क्वचितच होते.

भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर पिकणारा कुळीथ भाजावा, भरडावा, दळावा, लसूण, मिरची व आमसूल घालून त्याची पातळ पिठी उकळावी आणि ती नाचणीच्या भाकरीशी वा भाताशी जेवावी, ही येथील जुनी रीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात स्थूल मनुष्यासाठी सांगितलेल्या धान्यांत कुळथाचा समावेश आहे. त्याच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असल्यामुळे पोट बराच वेळ भरलेले राहते.

म्हणून कच्च्या सॅलडचा ज्यांना तिटकारा आहे, त्यांनी वजन उतरविण्यासाठी उपाशी राहू नये. भात निम्मा करावा, तेल-खोबरे बेताने वापरावे, वाडगाभर ऊन पिठी प्यावी आणि पावसाळ्यात सोबत टाकळ्याची भाजी घ्यावी. पूर्वजांचे हे पथ्य आपल्या चुलीवर पुन्हा शिजू द्या.