यादीचा एकच श्रोता

संगणकाच्या पडद्यावर अमरावती विभागांतील जिल्ह्यांची यादी मांडलेली आहे असें समजावें. ‘अकोला’ या नांवावर टिचकी मारली कीं अकोट, तेल्हारा, बाळापूर इत्यादि सात तालुके उलगडतात. पण ती टिचकी ऐकतो कोण?

१९९५ च्या मे महिन्यांत नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं अवघ्या दहा दिवसांत एक भाषा रचली. तिलाच पुढें जावास्क्रिप्ट हें नांव मिळालें. आरंभीं दुवे, बटणें अशा मोजक्याच वस्तूंवरील टिचकी तिला कळे. यादींतील साधें नांव बहिरेंच राही. १९९७ सालीं मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरानें पानावरील प्रत्येक घटकास कान दिले, आणि वाद उपस्थित झाला. टिचकीची वार्ता नेटस्केपच्या मतें वरून खालीं उतरावी; मायक्रोसॉफ्टच्या मतें ती खालून वर चढावी. नोव्हेंबर २००० मध्यें वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें दोन्ही वाटा मान्य केल्या: वार्ता आधीं उतरते, मग चढते. मायक्रोसॉफ्टनें ही रीत पत्करण्यास मात्र २०११ साल उजाडलें.

वऱ्हाडकरांस ही व्यवस्था परकी वाटूं नये. हुकूम अमरावतीच्या आयुक्तांकडून जिल्ह्यास व तेथून तहसिलीस उतरतो. अर्ज त्याच पायऱ्यांनीं वर चढतो.

या चढत्या वाटेमुळें प्रत्येक नांवापाशीं स्वतंत्र श्रोता बसविण्याचें कारण उरलें नाहीं. ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ या आज्ञेनें सबंध यादीवर एकच श्रोता नेमावा. टिचकी त्याच्यापर्यंत चढत येते, आणि ती कोठें पडली हें ‘टार्गेट’ या खुणेवरून त्यास कळतें.

याचें महत्त्व वऱ्हाडच्या इतिहासावरूनच पटेल. १९०५ पूर्वीं येथें सहा जिल्हे होते. त्या वर्षीं ते चार झाले, आणि वाशीम जिल्हा मोडून वाशीम तालुका अकोल्यांत गेला. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हां स्वतंत्र जिल्हा झाला व संख्या पांचावर आली. याद्या अशा बदलतातच. चार नांवांपाशीं चार श्रोते बसवून झाल्यावर त्याच पानावर पांचवें नांव आलें, तर तें दिसतें, पण त्याची दाद लागत नाहीं. श्रोता यादीवरच असेल तर नव्या नांवासही तत्काळ उत्तर मिळतें.

तेव्हां रिसोडच्या शेतकऱ्यास आपला तालुका पडद्यावर उघडतां आला नाहीं, तर दोष त्याच्या बोटाचा नव्हे. श्रोता कोठें बसविला, याचा आहे.