गॅलाथियाची वाळू आणि ढाल नसलेलं कासव

मागच्या भागानंतर हैदराबादच्या एका प्रेक्षकाने विचारलं, "सर, इतिहास माणसांचा असतो. कासवाला कसला इतिहास?" प्रश्न मला आवडला. आजचा भाग त्याचंच उत्तर आहे.

आपल्याकडे देवळात शिरलं की गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. टणक पाठ, पाय आत ओढलेले. आजच्या कासवाला तशी पाठच नाही. त्याचं नाव लेदरबॅक. पाठीवर कवचाऐवजी जाड, रबरासारखी काळी कातडी, तिच्याखाली हाडांचे छोटे छोटे तुकडे आणि लांबीत गेलेले सात कंगोरे. व्हँडेली या इटालियन निसर्गअभ्यासकाने १७६१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते या कातडीवरूनच. त्याच्या कुळातल्या बाकी सगळ्या जाती नामशेष झाल्या, ही एकच उरली.

जगातलं हे सगळ्यात मोठं कासव. पूर्ण वाढलेली मादी तीनशे ते पाचशे किलोंची असते. १९८८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर एक मेलेला नर लागला, तो ९१६ किलोंचा भरला. आणि एवढं धूड जगतं कशावर, तर जेलीफिशवर! पाण्यासारखा पातळ आहार, म्हणून रोज ढिगाने खावा लागतो. त्यासाठी हे कासव थंड समुद्रात जातं आणि बाराशे मीटरहून खोल बुडी मारतं. मोठं शरीर, कातडीखालची चरबी आणि वल्ह्यांसारख्या पायांतली रक्तवाहिन्यांची खास रचना, यांमुळे थंड पाण्यातही त्याचं अंग उबदार राहतं. इतर समुद्री कासवांना हे जमत नाही.

आता भारताकडे येऊ. केरळात कोल्लमजवळ मच्छीमारांना वर्षाला चाळीसेक लेदरबॅक सापडतात, अशी नोंद १९२३ ची आहे. आज मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर हे कासव दिसलं तर ती बातमी होते. अंडी घालायला ते नियमित येतं ते अंदमान-निकोबारलाच. त्यातही महत्त्वाची जागा म्हणजे ग्रेट निकोबारच्या दक्षिणेला असलेला गॅलाथिया उपसागर. हे नाव एका डॅनिश जहाजाचं. १८४६ साली ते निकोबारला आलं होतं. तेव्हा या बेटांवर डेन्मार्क हक्क सांगत असे. पुढे १८६८ मध्ये त्यांनी तो हक्क इंग्रजांना विकला.

या किनाऱ्यांवरच्या कासवांची नीट मोजदाद पहिल्यांदा केली ती सतीश भास्कर यांनी. मद्रासच्या आयआयटीतलं शिक्षण अर्धवट सोडून हा माणूस कासवांच्या मागे लागला. सत्तरच्या दशकापासून त्यांनी भारताचे हजारो किलोमीटर किनारे पायी तुडवले. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपच्या निर्जन सुहेली बेटावर ते कित्येक महिने एकटे राहिले. तिथून बायकोला लिहिलेलं पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडलं. ती बाटली श्रीलंकेत एका कोळ्याला सापडली आणि त्याने ते पत्र पोस्टाने धाडून दिलं! ग्रेट निकोबारवरचं लेदरबॅकचं महत्त्व जगाला कळलं ते अशा माणसाच्या पायपिटीमुळे. १९९७ मध्ये गॅलाथिया उपसागराला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

मग २६ डिसेंबर २००४ उजाडला. भूकंपाने बेटाचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं. इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. गॅलाथियाचा किनारा नाहीसा झाला. तिथे कासवांच्या कामासाठी तळ ठोकलेली माणसंही लाटेत गेली. सगळं संपलं असंच वाटलं. पण समुद्राने हळूहळू पुन्हा वाळू आणून टाकली आणि माद्या परत आल्या. लिटल अंदमानवर पुढे काही माद्यांना उपग्रह यंत्रं बसवली, तेव्हा कळलं की त्यांतली कुणी ऑस्ट्रेलियाच्या दिशेने जाते, तर कुणी थेट आफ्रिकेकडे मोझांबिकपर्यंत. एकीने २६६ दिवसांत सुमारे तेरा हजार किलोमीटर अंतर कापलं.

मंडळी, आता इतिहासातला धडा. मलेशियातला रंताऊ अबांग किनारा १९५० च्या दशकात लेदरबॅकसाठी जगप्रसिद्ध होता. वर्षाला दहा हजारांच्या आसपास घरटी. पण तिथली अंडी वर्षानुवर्षं गोळा करून विकली गेली. मोठ्या माद्या येतच राहिल्या, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहिलं. त्यांची जागा घ्यायला नव्या माद्या तयार होत नव्हत्या, हे कळेपर्यंत फार उशीर झाला. शिवाय खोल समुद्रातली जाळी होतीच. नंतर काही अंडी उबवणी केंद्रात नेली, पण तिथली वाळू जास्त तापलेली होती आणि जवळजवळ सगळी पिल्लं मादीच निघाली. कारण कासवात नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. या शतकाच्या सुरुवातीला तिथे वर्षाला बोटांवर मोजण्याइतकी घरटी उरली.

आपल्या कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडलेची अंडी जपून पिल्लं समुद्रात सोडतात. ते काम मोलाचं आहे. पण ते चालतं, कारण माद्यांना यायला किनारा शिल्लक आहे.

जानेवारी २०२१ मध्ये गॅलाथियाचा अभयारण्याचा दर्जा काढला गेला, कारण तिथे मोठं बंदर व्हायचं आहे. त्याच महिन्यात केंद्र सरकारने समुद्री कासवांचा राष्ट्रीय कृती आराखडाही प्रसिद्ध केला. बंदरामागचं कारण खोटं नाही. मलाक्काचा जहाजमार्ग जवळून जातो आणि आपला बराच माल कोलंबो, सिंगापूरला उतरवून पुन्हा चढवावा लागतो. कासवांसाठी लिटल निकोबारवर वेगळं अभयारण्यही ठरवलं आहे. पण मादी अंडी घालायला साधारण त्याच भागात परत येते. आपण आखलेला नकाशा तिला कोण दाखवणार?

त्सुनामीने किनारा नेला, तेव्हा समुद्राने तो परत दिला. धक्के आणि दिवे उभे राहिले की ती सोय राहत नाही.

हैदराबादच्या त्या मित्राला माझं उत्तर एवढंच आहे. कासवाचा इतिहास आहे, आणि त्याचं पुढचं पान आता आपण लिहितो आहोत. रंताऊ अबांगच्या लोकांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. आपल्याला मात्र त्यांचं उदाहरण माहीत आहे.

तुमच्या भागात कासवं येत असतील किंवा पूर्वी येत असतील, तर घरातल्या मोठ्यांना विचारून मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.