शास्त्रीय लेखनाची तालीम

नांदेड जिल्ह्यांतील उमरी हें मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें गांव. हैदराबाद मुक्तिसंग्रामांत ३० जानेवारी १९४८ रोजीं येथील बँकेवर जो हल्ला झाला, त्यामुळें या गांवाचें नांव इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें आहे. परंतु त्या धामधुमीच्या मागें एक दुसरा, निःशब्द झगडा कित्येक वर्षें चालला होता; तो कागदाच्या भाषेचा. या भागांतील शेतकरी घरांत मराठी बोले. गांवचा पटवारीही आपलें दप्तर मराठींत राखी. पण तोच कागद वर तहसिलींत किंवा अदालतींत गेला कीं त्याची भाषा बदले. संस्थानच्या कारभारांतून १८८४ च्या सुमारास फारसी गेली आणि उर्दू आली; शेतकऱ्याला दोन्ही सारख्याच अनोळखी. आपल्याच शेताविषयीं काय लिहिलें आहे हें कळण्यासाठीं त्याला दुसऱ्याचें तोंड पाहावें लागे.

कायदा, वैद्यक, जमीनमोजणी, यंत्रें यांविषयीं लिहिणें हें कथा-कादंबरी लिहिण्याहून निराळें कसब आहे. कथेंतील एखादा शब्द वाचकानें आपल्या मनाप्रमाणें लावला तर रस कमी होत नाहीं, कधीं वाढतोही. पण औषधाचें प्रमाण, शेताची हद्द किंवा दाव्याची मुदत सांगणाऱ्या वाक्याचे दोन अर्थ निघाले, तर कोणाचें तरी नुकसान ठरलेलें. शिवाय विषय जाणणारा आणि भाषा जाणणारा हे दोघे एकाच देहांत क्वचितच सांपडतात. म्हणून असें लेखन जेथें जेथें नांवारूपाला आलें, तेथें तेथें या दोघांना जवळ बसवून काम शिकविण्याची कांहीं तरी व्यवस्था करावी लागली. मराठी मुलखांत अशी पहिली ठळक व्यवस्था मुंबईंत झाली.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, १८२२ सालीं, एतद्देशीय मुलांसाठीं पुस्तकें तयार करणारी आणि शाळा चालविणारी एक मंडळी तेथें स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करी इंजिनियर तिचा चिटणीस होता. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे त्याचे सहकारी. याच सुमारास सरकारला मोजणीच्या व इमारतींच्या कामासाठीं येथलेच तरुण हवे होते. त्यांना शिकविण्याचा वर्ग जर्व्हिसच्या हातीं आला. शिकवावयाचें होतें मराठी व गुजराती भाषांतून. आणि त्या भाषांत नव्या गणिताचीं पुस्तकें तर नव्हतीं. तेव्हां इंग्रजी ग्रंथांतील विषय जर्व्हिसनें मांडावा आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारख्या पंडितांनीं त्याला मराठी रूप द्यावें, अशी रीत पडली. भास्कराचार्यांच्या परंपरेंतून बीजगणित, त्रिज्या, व्यास, कर्ण हे शब्द आयते मिळाले. जे मिळाले नाहींत ते घडवावे लागले.

या वर्गाचें बळ आणखी एका गोष्टींत होतें. ज्यांच्यासाठीं पुस्तकें लिहिलीं जात होतीं, ते विद्यार्थी समोरच बसलेले होते. त्यांना पुढें साखळी घेऊन शेत मोजावयाचें होतें. धड्यांत गोंधळ राहिला तर तो मोजणींत उघडा पडणार होता. म्हणजे विषय जाणणारा एक, भाषा जाणणारा दुसरा, आणि वाचून काम करणारा तिसरा, असे तिघे एका छपराखालीं आले. याच वातावरणांत वाढलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनीं पुढें शून्यलब्धीवर, म्हणजे आज ज्याला चलनकलन म्हणतात त्यावर, मराठींत पुस्तक लिहिलें.

लेखनाच्या तपासणीचें दुसरें घर पुण्यांत झालें. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशासाठीं जॉर्ज आणि थॉमस या कँडी बंधूंनीं शास्त्रीमंडळींबरोबर काम केलें होतें. त्यांपैकीं थॉमस कँडी पुढें पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा प्रमुख आणि नंतर सरकारचा मराठी भाषांतरकार झाला. शाळेचीं पुस्तकें आणि कायद्याचीं भाषांतरें त्याच्या नजरेखालून जात. तत्पूर्वीं मराठी लेखन सलग चाले. वाक्य कोठें थांबलें हें वाचणाऱ्यानें संदर्भावरून ओळखावें. कँडीनें १८५० सालीं विरामचिन्हांवर एक छोटें पुस्तक लिहून वाक्याला विसांवे दिले. क्षुल्लक वाटणारी ही सुधारणा कायद्याच्या कलमांत किती मोलाची आहे, हें वकिलांना विचारावें.

पण याच कँडीवर पुढील पिढीनें ठपकाही ठेवला. त्याच्या हाताखालून गेलेलें मराठी इंग्रजी वळणाचें होई, ही तक्रार अगदींच खोटी नव्हती. तपासनीसाच्या हातीं सर्व अधिकार गेला कीं लेखकाची भाषा त्याच्या साच्यांत दाबली जाते. आणि तो साचा वाचकाच्या बोलण्याहून दूर असला, तर शुद्ध केलेलें वाक्य अधिक दुर्बोध होतें.

मुंबईच्या त्या वर्गाचें पुढें काय झालें? उच्च शास्त्रें कोणत्या भाषेंतून शिकवावीं याविषयीं १८४७ च्या सुमारास सरकारी शिक्षणमंडळांत मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनीं देशी भाषांची बाजू लढविली. परंतु अखेर वरच्या शिक्षणाचा ओघ इंग्रजीकडेच वळला. पुण्याच्या दक्षिणा निधींतून १८५१ पासून मराठी ग्रंथांना बक्षिसें मिळूं लागलीं, हें खरें. तथापि बक्षिसासाठीं घरीं बसून लिहिलेला ग्रंथ निराळा, आणि शिकणाऱ्याच्या देखत घडविलेला ग्रंथ निराळा.

त्यानंतर सत्तर वर्षांनीं असाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि तो उमरी ज्या संस्थानांत होती त्याच संस्थानाच्या राजधानींत. उस्मानिया विद्यापीठांत सर्व विषय उर्दूंतून शिकवावे असें ठरलें, आणि त्यासाठीं १९१७ सालीं हैदराबादेंत दारुल्तर्जुमा, म्हणजे भाषांतरगृह, उघडलें. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले प्रमुख. या अब्दुल हकांचा मराठवाड्याशीं निकटचा संबंध होता. उर्दूच्या प्रसाराचें त्यांचें काम अनेक वर्षें औरंगाबादेहून चालत असे.

भाषांतरगृहाची कामाची पद्धत आजही अभ्यासण्याजोगी आहे. पगारी भाषांतरकार नेमले होते. पारिभाषिक शब्द ठरविण्यासाठीं समित्या होत्या, आणि त्यांत शास्त्र जाणणारे व भाषा जाणणारे एकत्र बसत. भाषांतर पुरें झालें कीं तें भाषेच्या दृष्टीनें तपासण्यासाठीं स्वतंत्र अधिकारी असे. कवि जोश मलीहाबादी यांनीं कांहीं काळ हें काम केलें. शब्द घडवावे कसे यावरही तेथें कडाक्याचा वाद होता. एक पक्ष अरबी धातूंकडे धांव घेई. वहीदुद्दीन सलीम यांनीं १९२१ च्या आपल्या ग्रंथांत दुसरा पक्ष मांडला: उर्दूची घडण आर्य भाषांची आहे, तेव्हां तिच्याच उपसर्ग-प्रत्ययांनीं आणि समासांनीं नवे शब्द करावे. अशा रीतीनें शेकडो ग्रंथ तयार झाले, आणि वैद्यक व इंजिनियरिंग हे विषयही उर्दूंतून शिकविले गेले. परकी भाषेवांचून उच्च शास्त्र शिकवितां येतें, हें हैदराबादनें प्रत्यक्ष करून दाखविलें. तें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

मात्र मुंबईच्या वर्गांत जो तिसरा माणूस समोर बसला होता, तो येथें नव्हता. संस्थानांत जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथा हिस्सा मराठी, आणि पुष्कळसे कानडी; उर्दू ही मातृभाषा असणारे दहा-बारांत एक. उमरीच्या मुलाला माध्यमिक शाळेंत गणित शिकण्यापूर्वीं गणिताची भाषा शिकावी लागे. इंग्रजीची भिंत पाडण्यासाठीं उभारलेलें भाषांतरगृह त्याच्यापुढें दुसरी भिंत होऊन उभें राहिलें. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईचें योगेश्वरी विद्यालय यांचें मोल मराठवाड्याला इतकें कां वाटलें, याचें उत्तर येथें आहे.

सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत विलीन झालें. उस्मानियांतील उर्दू माध्यम लवकरच गेलें, आणि भाषांतरगृहाचें कामही ओसरलें. तेथें कमावलेलें कसब मराठी, तेलुगू, कानडीच्या उपयोगी पडण्यापूर्वींच विखुरलें. मराठवाडा १९५६ त मुंबई राज्यांत आणि १९६० त महाराष्ट्रांत आला. त्याच वर्षीं ६ जुलै रोजीं राज्याचें भाषा संचालनालय स्थापन झालें. पदनामांचा कोश १९६२ मध्यें निघाला, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठीला कारभारांत कायद्याचें स्थान मिळालें. उमरीकरांचा ‘अव्वल तालुकदार’ आतां ‘जिल्हाधिकारी’ झाला, आणि तो शब्द लोकांच्या जिभेवर सहज बसला. कारण त्यांतील दोन्ही तुकडे त्यांच्या ओळखीचे होते. उलट ‘परवाना’ हा रुळलेला शब्द असतांना ‘अनुज्ञप्ती’ आली, ती छापील कागदावरच राहिली. लिपि आपली, व्याकरण आपलें, तरीही वाचणारा पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहूं लागला, तर केवळ भाषेचें नांव बदलून काय साधलें?

कागदाचें आयुष्य माणसाहून मोठें असतें, ही गोष्टही विसरतां येत नाहीं. मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां निजामकालीन दप्तरें वाचावयाला मोडी आणि उर्दू जाणणारीं माणसें शोधावीं लागलीं. ज्या घराण्यांविषयीं तें लिहिलें होतें, त्यांच्या नातवंडांनाही तें वाचतां येत नव्हतें.

आज शास्त्रीय लेखनाचे आणि संपादनाचे वर्ग भरविणाऱ्यांनीं या इतिहासांतून उचलावी अशी रीत साधी आहे. मसुदा तज्ज्ञानें तपासावा, भाषा जाणणाऱ्यानें तपासावा. आणि मग ज्याच्यासाठीं तो लिहिला त्याला वर्गांत बोलावून वाचावयास द्यावा, आणि त्याचा अर्थ त्याच्याच शब्दांत सांगावयास लावावें. तो जेथें अडखळेल तेथें त्याला समजावून सांगत बसूं नये, वाक्य बदलावें. उमरीच्या मोंढ्यांत उभ्या असलेल्या शेतकऱ्यानें पीकविम्याच्या अर्जांतली अट वाचली, आणि कोणाला न विचारतां तो सही करूं शकला किंवा सही करण्याचें नाकारूं शकला, म्हणजे तो अर्ज लिहिणाऱ्याची तालीम पुरी झाली असें समजावें.