जमखंडीचे विठ्ठल रामजी

समाजसुधारणेचा धडा शिकवताना एक गोष्ट अनेक वर्षे माझ्या लक्षात येते आहे. मुलांना साले तोंडपाठ असतात. १८२८ ब्राह्मो समाज, १८६७ प्रार्थना समाज, १८७३ सत्यशोधक समाज, १८७५ आर्य समाज. परंतु या चळवळींनी कोणाच्या घरात आणि कोणत्या पाणवठ्यावर काय बदलले, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

अशा वेळी मी फळ्यावर ‘जमखंडी’ असे लिहितो. हे नाव आमच्या मुलांनी बसच्या पाटीवर वाचलेले असते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म तेथेच, २३ एप्रिल १८७३ रोजी झाला. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. घरात वारकरी संस्कार आणि मराठी, तर बाहेर कानडी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही हेच चित्र आहे. पुढे शिंद्यांनी या दोन भाषांच्या नात्यावर लेखनही केले. त्या अभ्यासाचे मूळ जमखंडीच्या गल्लीत असावे, असे मला वाटते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी गेले. १९०३ मध्ये परतल्यावर प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. उपासना मंदिरात एकेश्वराची प्रार्थना होई, प्रवचने होत. परंतु गावकुसाबाहेरचा माणूस त्या मंदिरापासून दूरच होता. धर्म खरा असेल तर तो त्या वस्तीपर्यंत गेला पाहिजे, या जाणिवेतून १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे त्यांनी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, सुरू केले. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर अध्यक्ष होते. शाळा आणि वसतिगृहे निघाली, आपल्याकडे हुबळीलाही शाखा झाली. शिंदे स्वतः अस्पृश्य वस्तीत कुटुंबासह राहिले. भगिनी जनाबाईंनी या कामाला वाहून घेतले.

राजकीय व्यासपीठावरही त्यांनी हा प्रश्न नेला. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. मार्च १९१८ मध्ये मुंबईस सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली. लोकमान्य टिळकांनी तेथे अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले; मात्र रोजच्या व्यवहारात ती पाळणार नाही, अशा प्रतिज्ञेच्या पत्रकावर सही केली नाही. भाषण आणि सही यांतले हे अंतर मी मुलांना आवर्जून सांगतो.

तेवढ्यावर थांबलो तर मात्र तो अप्रामाणिकपणा होईल. माझ्या लहानपणी गावच्या शाळेत पाण्याचा माठ असे. वर्गातल्या दोघा मुलांनी ओंजळ धरायची आणि दुसऱ्याने वरून पाणी ओतायचे, असा रिवाज. अस्पृश्यतेचा कायदा १९५५ साली झाला, त्याला तेव्हा वीस वर्षे उलटून गेली होती. तांब्या पुष्कळदा माझ्याच हाती असे. यात काही गैर आहे असे मला वाटलेच नाही. उलट आपण मित्राला पाणी पाजतो, याचा अभिमान वाटे. टिळकांची सही शोधणाऱ्या मास्तरने स्वतःच्या हातातला तांब्याही आठवला पाहिजे.

शिंद्यांच्या कार्यालाही मर्यादा होत्या. आमचे नेतृत्व आम्हीच करू, असे अस्पृश्य समाजातील नवी पिढी म्हणू लागली. १९२० नंतर डॉ. आंबेडकरांच्या रूपाने ते नेतृत्व उभे राहिले आणि शिंदे हळूहळू बाजूला पडले. स्वतःच्या मराठा समाजातही ‘महारांचा शिंदे’ अशी त्यांची हेटाळणी झाली. दोन्हीकडून असे परकेपण वाट्याला येऊनही त्यांनी १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ सिद्ध केला. २ जानेवारी १९४४ रोजी ते निवर्तले.

सीमाभागात ‘आपला माणूस कोण’ हा प्रश्न आपण भाषेवरून सोडवतो. जमखंडीच्या या मुलाने तोच प्रश्न पाणवठ्यावर उभे राहून विचारला. यंदा दिवाळीच्या फराळाचे ताट कोणत्या घरी जाते आणि कोणत्या घरी जात नाही, एवढे जरी आपण मुलांदेखत मोजले, तरी सुधारणेचा तो धडा पुस्तकाबाहेर आला म्हणायचा.