एच-जे-के-एल घराण्याचा मूळपुरुष

व्हीआय हा मजकूर-संपादक किंवा त्याचा वारस विम वापरणारा प्रोग्रॅमर कर्सर हलवायला बाणांच्या कळांकडे सहसा वळत नाही. एच म्हणजे डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे. हीच अक्षरं का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: बोटं तिथंच असतात ना! टायपिंगच्या क्लासला गेलेल्या माणसाला हे पटू नये. उजव्या हाताची बोटं जे, के, एल आणि अर्धविरामावर ठेवायची, हा तिथला पहिला धडा. निव्वळ सोय पाहिली असती, तर याच चार कळा निवडल्या असत्या. ही चौकडी मात्र एक घर डावीकडे सरकलेली आहे.

बिल जॉयनं 1976 च्या सुमारास बर्कलीला व्हीआय लिहायला घेतला, तेव्हा त्याच्यापुढे लिअर सीगलर कंपनीचं एडीएम-3ए हे टर्मिनल होतं. त्याला बाणांच्या स्वतंत्र कळाच नव्हत्या. बाण छापले होते एच, जे, के, एल या अक्षरांवर, आणि ते चालवायला कंट्रोलची कळ सोबत दाबावी लागे. जॉयनं कंट्रोल काढून टाकला. मजकूर लिहायचा नसेल तेव्हा प्रत्येक अक्षर म्हणजे एक हुकूम, अशी त्याच्या संपादकाची रीत होती. या कंजुषीला कारणही होतं. घरून काम करताना त्याचा मोडेम 300 बॉडचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम 30 अक्षरं. 24 ओळी आणि 80 रकान्यांचा भरलेला पडदा नव्यानं उमटायला मिनिटाहून जास्त वेळ जाणार. अशा वेळी हुकूम एका अक्षराचा असलेलाच बरा.

बहुतेकांची गोष्ट इथंच संपते: टर्मिनलवर बाण होते, जॉयनं उचलले. पण मग टर्मिनल बनवणाऱ्यांनी ते तिथंच का छापले?

त्यासाठी ‘अ‍ॅस्की’ या संकेतकोष्टकाकडे जावं लागतं. 1967 च्या आवृत्तीत पहिले 32 संकेत अक्षरांचे नाहीत, ते यंत्राला द्यायच्या सूचनांचे आहेत. 8 म्हणजे एक जागा मागे, 10 म्हणजे पुढची ओळ. मोठ्या लिपीतल्या ‘ए’चा क्रमांक 65. कंट्रोल दाबलं की अक्षराच्या क्रमांकातून 64 वजा होतात. म्हणजे वर्णमालेतलं आठवं अक्षर आठवी सूचना पाठवतं, दहावं अक्षर दहावी. आठवं अक्षर एच, दहावं जे. मागे म्हणजे डावीकडे, पुढची ओळ म्हणजे खाली. दोन दिशा अशा कोष्टकानंच ठरवून टाकल्या होत्या. मधल्या आय-कडे, म्हणजे 9 कडे, टॅबचं काम होतं. उरलेल्या ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ यांना 11 आणि 12 हे शेजारचे संकेत दिले गेले. खरं तर ते उभ्या टॅबचे आणि नव्या पानाचे. पडद्यावर त्यांचा फारसा उपयोग नव्हता. अकरावं अक्षर के, बारावं एल.

तरीही एक योगायोग उरतोच. कोष्टकात शेजारी असलेली अक्षरं कीबोर्डवरही शेजारी कशी? याचं श्रेय जातं मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्सला. 1870 च्या दशकातल्या त्याच्या टंकयंत्रानं अक्षरांची पार उलथापालथ केली, पण मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल हा वर्णक्रमाचा तुकडा शिल्लक राहिला. गाळले गेले ते ई आणि आय हे स्वर. दोघंही वरच्या ओळीत गेले. आय असा वाटेतून दूर झाला नसता, तर चौकडीच्या मध्येच टॅब येऊन बसला असता.

पुढचा वंशविस्तार झपाट्यानं झाला. ‘रोग’सारख्या खेळांत याच कळांनी भुयारं पालथी घातली गेली. जीमेलमध्ये शॉर्टकट सुरू केले की आजही जे आणि के पत्रांच्या यादीत खाली-वर नेतात. ईमॅक्स या दुसऱ्या संपादकानं वेगळी वाट धरली: फॉरवर्डचा एफ, बॅकवर्डचा बी, नेक्स्टचा एन, प्रीव्हियसचा पी. लक्षात ठेवायला सोपं. दरवेळी कंट्रोल दाबून होणारे बोटांचे हाल मात्र विचारू नका.

आणि विममध्ये, मजकूर लिहीत नसताना, अजूनही कंट्रोल-एच दाबला तर कर्सर डावीकडे जातो, कंट्रोल-जे दाबला तर खाली. कंट्रोल-के आणि कंट्रोल-एल दाबून कर्सर हलत नाही.