जखम का चिघळते?

‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण रोगी दगावला’ हे वाक्य आपण थट्टेने वापरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयांतली ती नेहमीची हकिगत होती. १८४६ मध्ये भूल देण्यासाठी ईथर आले, वेदना गेली. पण जखमेत पू होऊन माणसे मरतच राहिली. दोष दिला जाई खराब हवेला.

ग्लासगोचे शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांना एक गोष्ट खटकत होती. हाड मोडूनही कातडी शाबूत राहिली, तर रोगी बहुधा बरा होई. कातडी फाटली की जखम सडे. हवा तर दोघांभोवती एकच होती! पाश्चर यांचे कुजण्याविषयीचे प्रयोग वाचल्यावर उलगडा झाला. कुजवणारे सूक्ष्मजीव फाटलेल्या कातडीतून आत शिरत असले पाहिजेत. १२ ऑगस्ट १८६५ रोजी, गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. सहा आठवड्यांत मुलगा बरा झाला.

पण एका मुलावरून काय सिद्ध होणार? १८७० मध्ये लिस्टर यांनी हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. पूर्वी ३५ पैकी १६ रोगी दगावले होते. नव्या पद्धतीत ४० पैकी ६.

हवेतील जंतूंसाठी लिस्टर कार्बोलिकचा फवाराही मारत. १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी ही चूक जाहीरपणे मान्य केली. तरी हवेवरचा संशय गेला नाही. अमेरिकेतील पाच रुग्णालयांत अतिनील किरणांनी शस्त्रक्रियागृहाची हवा निर्जंतुक करून पाहिली गेली. १५,००० हून अधिक शस्त्रक्रियांचा तो अहवाल १९६४ मध्ये आला. जखमा चिघळण्याचे एकूण प्रमाण घटले नव्हते. फरक पडत होता तो जखम मुळात किती स्वच्छ, शस्त्रक्रिया किती वेळ चालली, रोग्याचे वय किती, अशा गोष्टींनी.

मग नेहमीच्या रिवाजांचीही तपासणी सुरू झाली. शस्त्रक्रियेआधी वस्तऱ्याने केस काढणे म्हणजे स्वच्छतेची पहिली पायरी. १९७१ मध्ये सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांनी मोजून पाहिले. वस्तरा फिरवलेल्यांत ५.६ टक्के जखमा चिघळल्या. केस न काढलेल्या किंवा केशनाशक औषधाने काढलेल्या रोग्यांत फक्त ०.६ टक्के. वस्तऱ्याने बारीक चिरा पडतात आणि त्यांत जीवाणू वाढतात. म्हणून आज केस काढत नाहीत. काढावेच लागले तर यंत्राने कातरतात.

१९९६ मध्ये असाच एक निष्कर्ष ऑस्ट्रियातून आला. आतड्यांच्या शस्त्रक्रियेच्या २०० रोग्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला शस्त्रक्रियेच्या वेळी ऊब देऊन अंगाचे तापमान टिकवले. त्या १०४ जणांपैकी ६ जणांच्या जखमा चिघळल्या. गार पडू दिलेल्या ९६ पैकी १८ जणांच्या. अंग गार पडले की कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पोचतो आणि पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद घटते.

वस्तरा फिरवणारा हात निष्काळजी नव्हता. उलट तो फार काळजीने फिरत होता. त्याची चूक दाखवली ती मोजणीने. लिस्टर यांनी ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना केली. पण मधल्या काळात आणखीही काही बदललेले असू शकते. चिठ्ठ्या टाकून गट केले की ही शंका पुष्कळशी मिटते. वर्गात लिस्टर यांची गोष्ट सांगताना कार्बोलिकइतकेच महत्त्व या हिशेबालाही द्यावे, असे आम्हाला वाटते.