निळीचे कडे : पारा, प्लॅटिनम आणि वीज

मनुष्याने वापरलेल्या रंगांत निळीइतका दीर्घ इतिहास फार थोड्या रंगांचा असेल. अहमदाबादेजवळच्या सरखेजेची नीळ सतराव्या शतकात डच व इंग्रज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून युरोपात जात असे. इकडे देशावर नगर, पुणे, सोलापूर या भागांत निळीने सूत व कापड रंगविणारी निराळी नावाची एक स्वतंत्र जातच नांदत होती. हिवरे बाजारासारख्या खेड्यातील कुणब्याच्या घरी सणासुदीला जी चंद्रकळा नेसली जाई, तिचा काळेपणाकडे झुकणारा गडद रंग म्हणजे निराळ्याने आपल्या रांजणात सूत पुन्हा पुन्हा बुडवून साधलेली किमया होती. आज हा रंग बहुतांशी शेतातून न येता कारखान्यातून येतो. हा पालट कसा झाला, त्यात पारा, प्लॅटिनम आणि वीज यांनी कोणते काम केले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम जुनी रीत पाहू. निळीच्या हिरव्या पाल्यात निळा रंग नसतोच. असतो तो एक रंगहीन पदार्थ. पाला हौदात भिजत घातला म्हणजे तो आंबतो आणि तो पदार्थ पाण्यात उतरून पालटतो. मग ते पाणी दुसऱ्या हौदात घेऊन मजूर ते वल्ह्यांनी झोडपीत. पाण्यात हवा मिसळली की प्राणवायूच्या योगाने निळा गाळ तयार होऊन तळाशी बसे. तो उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडीत. पण ही वडी पाण्यात विरघळत नाही, आणि न विरघळणारा रंग सुतात शिरणार कसा? निराळ्याचे खरे कसब येथेच होते. चुना, गूळ, टाकळ्याचे बी असे जिन्नस घालून तो रांजण आंबवी. त्या आंबण्याने निळीतील रंग तात्पुरता नाहीसा होऊन ती विरघळे. सूत बाहेर काढताच ते प्रथम हिरवट पिवळे दिसे आणि पाहता पाहता हवेने निळे होई. रसायनशास्त्राचा एकही शब्द ठाऊक नसता ही क्रिया पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक चालत आली होती.

आता या रंगाच्या अंतरंगात काय आहे ते पाहू. सेंद्रिय पदार्थांत कर्बाचे, म्हणजेच कार्बनचे, अणू एकमेकांचे हात धरून पुष्कळदा कडे करून उभे असतात. काही कड्यांत मात्र कर्बाच्या रांगेत एखादा परका अणू येऊन बसतो. तो नत्राचा, प्राणवायूचा किंवा गंधकाचा असतो. अशा पदार्थांस विषमवलयी संयुगे म्हणतात. निळीच्या रेणूचे दोन सारखे अर्ध असून प्रत्येक अर्धात सहा कर्बांच्या कड्यास पाच अणूंचे दुसरे कडे जोडलेले असते, व त्या पाचांत एक अणू नत्राचा असतो. क्विनीन, कात व हळद्या फुलांतील कित्येक रंगद्रव्ये, आपल्या शरीरातील रक्ताचा लाल रंग, ही सारी याच मोठ्या कुळातील होत. म्हणून असे परके अणू असलेले कडे हवे तेव्हा जुळविता येणे म्हणजे रंग आणि औषधे या दोहोंची किल्ली हाती येणे होय.

जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८६५ च्या सुमारास निळीच्या अभ्यासास आरंभ केला. पुढे प्रयोगशाळेत ती तयार करून १८८३ साली त्यांनी तिची रचनाही जवळजवळ उलगडली. १९०५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. परंतु काचेच्या नळीत चिमूटभर नीळ करणे निराळे आणि बाजारात ती शेतातल्या निळीपेक्षा स्वस्त विकणे निराळे. १८९० मध्ये झुरिक येथील कार्ल हॉयमान यांनी व्यवहारास सोयीचे असे दोन मार्ग दाखविले. त्यांतील एक मार्ग लुडविग्जहाफेन येथील बी. ए. एस. एफ. या कंपनीने उचलला. त्याचा आरंभ नॅफ्थॅलीनपासून, म्हणजे कपड्यांत ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्या ज्याच्या होतात त्याच पदार्थापासून होता.

अडचण अशी होती की, नॅफ्थॅलीनचे कडे तीव्र गंधकाम्लाने फोडण्याची क्रिया फार मंद आणि खर्चाची होती. येथे पाऱ्याचा प्रवेश झाला. सांगतात ते असे की, ऑयगेन झापर या रसायनज्ञाच्या प्रयोगात उष्णतामापक फुटला, त्यातील पारा मिश्रणात सांडला आणि क्रिया एकाएकी जोराने चालू लागली. पाऱ्याचे गंधकाम्लाशी जे लवण बनले, ते उत्प्रेरकाचे काम करीत होते. लग्न जुळविणारा मध्यस्थ दोन्ही पक्षांना एकत्र आणतो आणि स्वतः मात्र कोणत्याच घरचा होत नाही, तसे उत्प्रेरकाचे असते. तो क्रिया घडवून आणतो, पण अखेरीस जसाच्या तसा शिल्लक राहतो.

या क्रियेत गंधकाम्लापासून गंधकाचा धूर मोठ्या प्रमाणावर निघे. तो फुकट दवडून नीळ स्वस्त होणे शक्य नव्हते. त्या धुराचे पुन्हा तीव्र अम्ल करण्याची रीत रूडोल्फ क्नीच यांनी सिद्ध केली, आणि तीतही उत्प्रेरक होताच, तो प्लॅटिनम. या कामात असे आढळून आले की, धुरात सोमलाचा अल्प अंश जरी असला तरी प्लॅटिनम निकामी होते. मनुष्याला जे विष, तेच येथे उत्प्रेरकालाही विष ठरले. वायू धुऊन स्वच्छ केल्यावर मग कारखाना सुरळीत चालला.

तिसरी मदत विजेची. नत्राच्या अणूला दोन कर्बांची जोड देण्यासाठी जे अम्ल लागे, त्याकरिता क्लोरीन वायू हवा. आणि तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून स्वस्त व शुद्ध मिळू लागला होता. अशा रीतीने पाऱ्याने कडे फोडले, प्लॅटिनमने अम्ल परत मिळवून दिले आणि विजेने क्लोरीन पुरविला. शेवटची पायरी मात्र जुन्या हौदातलीच राहिली. तयार द्रवात हवा सोडावयाची, की निळा गाळ पडतो. १८९७ साली ही नीळ बाजारात आली. तोपर्यंत कंपनीचे सुमारे १ कोटी ८० लाख सुवर्ण मार्क या कामी खर्च झाले होते. पुढे १९०१ मध्ये योहान्नेस प्‌फ्लेगर यांनी हॉयमानचा दुसरा, अधिक जवळचा मार्ग सोडियम अमाइडच्या साहाय्याने यशस्वी करून दाखविला. त्यास लागणारा सोडियम धातूही वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडूनच मिळत असे.

परिणाम भयंकर वेगाने झाला. १८९७ साली जगात वनस्पतीपासून सुमारे १९,००० टन नीळ होत असे, व तिचा फार मोठा भाग हिंदुस्थानचा होता. १९१४ पर्यंत हा आकडा सुमारे १,००० टनांवर आला. भाव कोसळले तेव्हा बिहारच्या चंपारण जिल्ह्यातील निळवाल्या गोऱ्या मालकांनी तोटा स्वतः न सोसता कुळांवर ढकलला. तेथे तीनकठिया पद्धतीने कुळाला आपल्या जमिनीच्या दर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरावीच लागे. आता या सक्तीतून सोडविण्याबद्दल मालकांनी कोठे खंड वाढवून घेतला, तर कोठे तावान म्हणून रोकड रक्कम उकळली. ज्या पिकाने कुळाला कधी सुख दिले नाही, त्याच्या मरणाचा खर्चही त्याच्याच माथी आला. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात गेले आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया रद्द झाली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या एका टोकाला ऱ्हाइनकाठची ही प्रयोगशाळा होती, याची आठवण सहसा राहत नाही.

१८९७ हे साल मुंबईच्या इतिहासातही संस्मरणीय आहे. शहरात प्लेगने हाहाकार माजविला असता जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे त्यांच्याच नावाच्या संस्थेत, साहिबसिंग सोखी संचालक असताना, १९४० नंतरच्या दशकात सल्फाथायाझोलसारख्या औषधांचा प्लेगवर उपयोग करून पाहण्यात आला व तो गुणकारी ठरला. सल्फाथायाझोलच्या रेणूतही पाच अणूंचे एक कडे असून त्यात एक नत्राचा व एक गंधकाचा अणू असतो. ज्या विद्येने बिहारच्या शेतकऱ्याचे पीक बुडविले, तीच विद्या येथे रोग्याच्या उशाशी येऊन उभी राहिली.

ही विद्या परक्यांच्याच हाती ठेवणे धोक्याचे आहे, हे चंपारणने शिकविले होते. १९१४ च्या महायुद्धात जर्मन रंगांचा पुरवठा तुटला, तेव्हा त्याची पुन्हा एकदा प्रचीती आली. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग उघडला आणि १९३८ पासून प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन यांनी त्याची धुरा वाहिली. फुलांतील पिवळ्या रंगद्रव्यांचे प्राणवायूयुक्त कडे जुळविण्याची एक क्रिया बेकर यांच्या जोडीने त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते. १९५० च्या ३ जानेवारीस पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले. १९५७ मध्ये वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले आणि त्यांच्यामागून १९६६ मध्ये डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक त्या पदावर आले. रंग आणि विषमवलयी संयुगे हेच टिळकांच्या संशोधनाचे क्षेत्र होते. निवृत्तीनंतर त्यांनी ग्रामीण भागास विज्ञानाचा उपयोग व्हावा म्हणून पुण्यात संस्था काढली, ही गोष्टही त्यांच्या विद्येला शोभणारीच होय.

आजचे रसायनज्ञ पारा शक्यतो टाळतात, कारण उत्प्रेरक म्हणून तो शिल्लक राहिला तरी मनुष्याला व पाण्याला तो घातकच असतो. पॅलॅडियमसारख्या धातूंच्या साहाय्याने कर्बाशी कर्ब जोडण्याच्या रीतींना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रीतींनी औषधांतील कडीही बांधली जातात. विजेचे कामही पालटले आहे. पूर्वी ती क्लोरीन किंवा सोडियम तयार करून बाजूला होई; आता कित्येक क्रियांत ती स्वतःच रेणूतील इलेक्ट्रॉन काढून घेते किंवा त्याला देते, आणि त्यामुळे तीव्र रसायने वापरून मागे उरणारा कचरा टळू शकतो.

निराळ्याच्या रांजणाचीही हीच कथा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यातील गूळ व टाकळ्याच्या बियांची जागा सोडियम हायड्रोसल्फाइटने घेतली. काम झटपट होऊ लागले, पण गंधकाची लवणे सांडपाण्यात उतरू लागली. आता उत्प्रेरकावर हायड्रोजनच्या योगाने आधीच विरघळती केलेली नीळ मिळते, व थेट विजेने नीळ विरघळविण्याच्या रीतीही सिद्ध झाल्या आहेत. इचलकरंजीच्या कापड-धंद्याचे सांडपाणी पंचगंगेत उतरून नदीकाठच्या गावांनी काय सोसले आहे, हे ज्यांनी पाहिले त्यांना या सुधारणेचे मोल वेगळे सांगावयास नको. अर्थात ही वीज कोळसा जाळून आणली, तर एका ठिकाणचा धूर दुसऱ्या ठिकाणी नेल्यासारखे होईल.

१८९७ मध्ये नव्या निळीचा हिशेब मांडताना नॅफ्थॅलीन, गंधकाम्ल, पारा, प्लॅटिनम, क्लोरीन या साऱ्यांचा खर्च काटेकोरपणे धरला गेला होता. त्या हिशेबात चंपारणच्या कुळाचे खाते मात्र नव्हते. आता कड्यात नत्र बसविण्याची नवी रीत कोणी शोधील, तेव्हा नदीकाठच्या माणसाचे खाते तिच्या वहीत पहिल्या पानावर असावे, एवढी अपेक्षा या इतिहासाकडे पाहून करणे अवाजवी ठरणार नाही.